लुधियानाच्या पाटीवरचे नाव : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

मोठ्या मामाने मला आयुष्यात एकच अभ्यासाचा प्रश्न विचारला. कोटणीस कोण होता, एवढाच. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि मामा सातवीतून शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेला. त्याने हा प्रश्न विचारावा आणि मला धड उत्तर येऊ नये, ही गोष्ट मनाला बरीच लागली. चीनला गेलेले सोलापूरचे डॉक्टर, यापलीकडे मला काही सांगता येईना. मामाला मात्र बरेच काही हवे होते. तो नुकताच लुधियानाहून परतला होता. तिथे ज्या दवाखान्यात कानात सुया टोचून त्याची अफू सोडवण्याचा प्रयत्न झाला, त्या दवाखान्याच्या पाटीवर कोटणीस हे नाव होते.

गोष्ट घरातली आहे. मामाच्या परवानगीने लिहितो. पिंपळगावला कांदा भरायचा, चांदवड, मालेगाव, धुळे मागे टाकून माळव्यात शिरायचे आणि पुढे दिल्ली-पंजाब गाठायचे, असा त्याचा वीस वर्षांचा रस्ता. रात्री डोळा लागू नये म्हणून ढाब्यावर चहातून डोडा घेण्याची सवय लागली. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचा चुरा. पुढे डोड्याची अफू झाली. आधी जागे राहण्यासाठी घेत होता, मग नुसते स्टिअरिंगवर बसता यावे म्हणून घेऊ लागला. एक दिवस न मिळाली तर एकामागून एक जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पायांत गोळे, जुलाब, अंगावर काटा आणि झोपेचा पत्ता नाही. मामीला हे सारे त्या जांभयांवरूनच कळले. ब्राऊन शुगरवाले याला टर्की म्हणतात. एकदा त्याने स्वतःला माळ्यावर कोंडून घेऊन पाहिले, पण तिसऱ्या रात्री खिडकीतून उतरून गेला. मग बरोबरचा सरदारजी ड्रायव्हर, जो स्वतः यातून गेलेला होता, त्याला आपल्या मुलखात घेऊन गेला. पुण्याचे मुक्तांगण जवळ होते, पण मामाला जवळचे नको होते. कोणी ओळखीचे भेटू नये ही त्याची अट होती. आणि तिथे, हजार मैलांवर, पाटीवर मराठी आडनाव भेटले!

मामाची समजूत अशी की, या सुयांची विद्या कोटणीसांनीच शोधून काढली असणार. मीही शोधाला तिथूनच निघालो. ही समजूत चुकीची आहे हे पहिल्या आठवड्यातच कळले, पण तोवर मी त्या माणसात पुरता गुंतलो होतो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यम स्थितीतले, भावंडे बरीच. सोलापूर हे तेव्हा गिरण्यांचे गाव. १९३० साली याच गावात मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. कोटणीस तेव्हा विशीतले होते. गावातली ही हवा ज्याच्या तरुणपणी वाहत होती, त्याला देशाचे काम म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नसेल.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात गेले. परळचे हे कॉलेज १९२६ चे. तिथले अध्यापक हिंदी असावेत अशी देणगीदारांची अट होती. पदवी घेऊन ते पुढच्या परीक्षेची तयारी करीत होते. रस्ता सरळ होता: मोठी पदवी, मग दवाखाना, मग घरावरचा भार हलका करणे. वडिलांची अपेक्षाही याहून वेगळी नसणार.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू. आणि पाचवे कोटणीस, वय सत्तावीस. मामाच्या प्रश्नाचे उत्तर पुढे या बसूंपाशी सापडते, तेव्हा हे नाव ध्यानात ठेवावे.

त्या काळी आपल्याकडच्या घरांतून चीन म्हणजे काय, तर रेशमी कापडाचे गाठोडे घेऊन दारावर येणारा चिनी फेरीवाला. त्या देशात, तेही लढाईत, डॉक्टर झालेला मुलगा पाठवायचा! तरी घरून परवानगी मिळाली. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून राजपुताना बोटीने निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला उतरले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण मुंबई ते कँटन हा समुद्रमार्ग इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतो. एकोणिसाव्या शतकात याच वाटेने आपल्याकडची अफू चीनला गेली. माळव्यात पिकलेल्या अफूला १८३० नंतर परवान्याचा कर भरून थेट मुंबई बंदर खुले झाले. तिच्यावर कंपनी सरकारची तिजोरी भरली आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या नावाचे रुग्णालय मुंबईत आजही गरिबांची सेवा करते. इतिहास असा अडचणीत टाकतो. १८३९ साली लिन त्से-शू या चिनी अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली. इंग्रजांनी त्याचे युद्ध केले, आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बळकावले. आमच्या नाशिकवरून जाणारा आग्रा रोड पुढे त्याच माळव्यात जातो. मामाने ढाब्यावर जी चव घेतली ती याच मातीतली. अफूच्या पेट्या ज्या बंदरातून ज्या बंदरात जात होत्या, त्याच बंदरातून त्याच बंदरात शंभर वर्षांनी पाच हिंदी डॉक्टर औषधांच्या पेट्या घेऊन गेले. त्यांच्या मनात हा हिशेब होता असे मी म्हणत नाही. माझ्या मनात मात्र तो आल्यावाचून राहिला नाही.

कँटनहून हँकाऊ, तिथून इचांग, मग चुंगकिंग, असे पथक मागे सरकणाऱ्या सैन्याबरोबर सरकत गेले. याच काळात पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाला चीनवाचक हुआ हे अक्षर जोडले होते. कोटणीसांचे झाले के दिहुआ. चुंगकिंगला असतानाच वडील वारल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. ते गेले नाहीत. चरित्रात हा प्रसंग फार झटकन वाचून होतो. मी तो मामीला सांगितला तेव्हा तिने पहिली शंका काढली ती अशी, की मग घर कोणी चालवले? थोरांच्या गोष्टी सांगताना आपण हा प्रश्न विचारत नाही, पण घरातल्या बायकांना तो आधी सुचतो. मामा महिनामहिना रस्त्यावर असे तेव्हा घर तिनेच चालवले होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहा, त्याच घरे आणि त्याच इस्पितळे. चोळकर आणि मुखर्जी आजारपणामुळे त्याच वर्षी परतले, पुढे अटलही परतले. कोटणीस आणि बसू शत्रूच्या पिछाडीच्या डोंगराळ मुलखात गेले. तिथे नॉर्मन बेथून हा कॅनडाचा शल्यविशारद फिरते इस्पितळ चालवीत असे. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये तो रक्तदोषाने वारला होता. त्याची जागा पुढे कोटणीसांनी भरून काढली. १९४० च्या एका लढाईत तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी त्यांच्या हाताखालून गेले. एका वेळी तर तीन दिवस-रात्री झोप नाही. जपान्यांच्या नाकेबंदीमुळे औषधांचा, भूल देण्याच्या द्रव्यांचा तुटवडा होता.

अफूची दुसरी बाजू इथे दिसते. वेदनाशामक मॉर्फिन निघते ते अफूच्याच चिकातून. युद्धातल्या शल्यविशारदाला ते नसेल तर जखमी माणसाचे हाल बघवत नाहीत. आणि त्याच वेळी जपान्यांनी व्यापलेल्या उत्तर चीनमध्ये अफू-हेरॉईनचा धंदा राजरोस फोफावला होता. एका बोंडाच्या या दोन वाटा. गिरणीत जाणाऱ्या मुंबईच्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून निजवत, ही तिसरी. जिच्यापाशी पोराला सांभाळायला माणूस नाही तिला आपण काय बोलणार?

जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. बसू त्याआधीच येनानला परतले होते. आता कोटणीस त्या भागात एकटेच हिंदी. चिनी भाषा ते इतकी शिकले की वर्गात तीतच शिकवीत. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहायला घेतले. त्याचा एक भाग पूर्ण झाला, दुसरा अर्धा राहिला. नोव्हेंबर १९४१ मध्ये को चिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी मागे सुरक्षित जागी जावे असा आग्रह झाला, पण काम सोडून ते हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, होपे प्रांतातल्या एका खेड्यात, झटक्यांमागून झटके येऊन त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. हा मुलगाही पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना १९६७ साली, पंचविशीतच गेला. को चिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. २०१२ साली त्या वारल्या. शांतारामबापूंनी १९४६ साली या जीवनावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. अजूनही पुष्कळांना कोटणीस म्हटले की चित्रपटच आठवतो. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. चीनमध्ये शिज्याझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे.

म्हणजे सुयांचे काय? कोटणीसांनी कोणा अफूबाजाच्या कानात सुई टोचल्याचा काही दाखला नाही. ते पाश्चात्त्य पद्धतीचे शल्यविशारद होते. अ‍ॅक्युपंक्चर चीनचे जुने असले तरी सैन्याच्या इस्पितळात ते शिरले त्यांच्या पश्चात. येनानच्या बेथून रुग्णालयात १९४५ साली त्याचा विभाग निघाला. कोटणीसांचे नाव सुयांना लागले ते बसूंमुळे. १९४३ साली परतलेले बसू १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. पुढे त्यांच्या पुढाकाराने कोटणीसांच्या नावाची स्मारक समिती उभी राहिली. भारत-चीन युद्धाने चीनचे नावच इथे कडू झाले होते, तरी त्या समितीने गावोगाव हे उपचार शिकवले. त्यांतलेच एक ठिकाण लुधियानाचे. स्वतःच्या नावाने दवाखाने काढणारे पुष्कळ. बसूंनी आपल्या कामाला मित्राचे नाव दिले. १९८६ साली बसूही गेले.

आणि अफूसाठी कान कसा आला? ही गोष्ट हाँगकाँगची. अफूच्या युद्धाने इंग्रजांना मिळालेले तेच हाँगकाँग. १९७२ साली तिथले मेंदूचे शल्यविशारद डॉ. वेन सुयांतून मंद वीज सोडून शस्त्रक्रियेपूर्वी वेदना कमी होते का, हे पाहत होते. एक रुग्ण अफूच्या व्यसनातला निघाला. त्याने सांगितले की, सुया लावल्यापासून आपली तलफ आणि अंगदुखी गेली. वेन यांनी मग असे चाळीस रुग्ण तपासून १९७३ साली निबंध छापला. मुख्य जागा कानाच्या खोलगट भागातली, जिला फुप्फुसाचा बिंदू म्हणतात ती. कानावर साऱ्या शरीराचा नकाशा उलट्या गर्भासारखा असतो, ही कल्पना त्याआधी १९५० च्या दशकात फ्रान्सच्या डॉ. नोजिए यांनी मांडली होती. १९७४ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या लिंकन रुग्णालयात हे उपचार सुरू झाले. तिथे वीज गळली आणि प्रत्येक कानात पाच बारीक सुया, एवढेच उरले. माणसांनी गोलात बसायचे, पाऊणएक तास गप्प राहायचे, कोणी कोणाला काही विचारायचे नाही.

याचा उपयोग होतो का? मी हे मामासाठी शोधत होतो, त्यामुळे सोयीचे तेवढे वाचणे परवडणारे नव्हते. सुयांनी शरीरातली अफूसारखी द्रव्ये वाढतात, असे काही प्रयोग १९७० च्या दशकात झाले, आणि आशा फार वाढल्या. पण २००२ साली अमेरिकेत कोकेनच्या सहाशे वीस व्यसनींवर कसून चाचणी झाली. काहींना योग्य जागी सुया, काहींना मुद्दाम भलत्या जागी, काहींना नुसती शांत दृश्ये दाखवली. तिघांत फरक निघाला नाही. अफूच्या बाबतीतही सुयांच्या बाजूने भक्कम पुरावा उभा राहिलेला नाही. पुरावा आहे तो ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारख्या औषधांच्या बाजूने, आणि नंतर माणसाला एकटे न सोडण्याच्या बाजूने.

हे मामाला सांगावे की नाही, यावर माझे आठ दिवस गेले. सुयांवरचा त्याचा विश्वास मोडला आणि तो पुन्हा ढाब्यावर गेला, तर ते पाप माझे. आजीचे मत होते की सांगू नये. पण त्याचे आधीच एकदा घसरणे झाले होते. लुधियानाहून आल्यावर दोन महिन्यांनी, सेंधव्याच्या पुढे, रात्रीच्या ट्रिपला. तेव्हा त्याने सुयांना नाही, स्वतःलाच नालायक ठरवले आणि चार दिवस घरी तोंड दाखवले नाही. हे आठवले आणि मी सांगून टाकले. सुईने काम केले नाही म्हणजे तू नापास झालास असे नाही, डॉक्टरकडे गोळ्या मिळतात, हेही सांगितले.

मामा बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला की, सुयांनी काय केले ते त्याला माहीत नाही, पण चौथ्या दिवशी दुपारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याला झोप लागली होती, आणि समोर बसलेल्या पोराला त्याच्या आधीच लागली होती. एवढेच तो त्या पाटीच्या नावे मांडायला तयार होता. पुढे इथल्याच एका डॉक्टरांकडे त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. माळव्याचा रस्ता त्याने सोडला. आता तो पिंपळगावला एका वजनकाट्यावर बसतो. मामी आजही त्याच्या जांभया मोजते.

कोटणीसांची गोष्ट मी त्याला तीन संध्याकाळी सांगितली. वडील वारल्याचे कळूनही ते परतले नाहीत, तिथे त्याने मला थांबवले. हे बरोबर झाले का, असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मुलगा किती महिन्यांचा होता हे त्याने दोनदा विचारून घेतले.

डिसेंबर १९९३ मध्ये आपल्या टपाल खात्याने कोटणीसांचे तिकीट काढले. नाशिकरोडच्या छापखान्यामुळे आमच्याकडे तिकिटे जमवणारे पुष्कळ. एका ओळखीच्या काकांकडून मला ते मिळाले. मी ते मामाला दाखवले. त्याने चष्मा लावून, उजेडाकडे धरून पाहिले. त्याच्या डोळ्यांपुढे इतके दिवस कोणी पांढऱ्या दाढीचा वृद्ध वैद्य होता. हा तर पोरगाच आहे, असे काहीसे पुटपुटून त्याने तिकीट लायसन्सच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवले. मला ते परत हवे होते, पण मागितले नाही.